वास टी-शर्टचा होता

मागच्या मार्चमध्ये माझी शुगर बॉर्डरवर आली. डॉक्टर म्हणाले गोळी आत्ताच नको, आठवड्याला १५० मिनिटं चांगला घाम निघेल असा व्यायाम करा, तीन महिन्यांनी परत तपासू. मी हो म्हटलं, फी दिली, बाहेर आले, आणि आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या डोक्यात जे चालू झालं ते शुगरचं नव्हतंच, घामाचं होतं. आता परत घाम येणार, परत तो वास, परत कुणीतरी नाकाला ओढणी लावणार.

हे मी पहिल्यांदाच लिहितेय, आजवर सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. व्यायाम केला की माझ्या घामाला फार उग्र वास येतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवीत होते. पीटीच्या तासाला लेझीम होतं, तास संपवून वर्गात आलो आणि शेजारची मैत्रीण दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली. ती एक शब्द बोलली नाही, त्यामुळे मला भांडताही आलं नाही. घरी जाऊन साबणाने काखा इतक्या घासल्या की रात्री हात खाली टेकवता येईना. पुढे लग्नानंतर कंबर तलावाला पहाटे फिरायला जायचा नेम धरला, सोबत गल्लीतल्या दोघी होत्या, महिनाही झाला नाही तोवर त्या म्हणाल्या आम्ही आता उशिरा निघणार आहोत. खरंच उशिरा निघत असतील, पण मी ते माझ्यावरच घेतलं आणि फिरणं सोडलं. नंतर एक योगाचा क्लास लावला, बंद खोली, बारका पंखा, तिथे आठव्या दिवशी जायचं मीच थांबवलं. मला कुणी कुठूनच हाकललं नाही, दर वेळेस मीच निघून आले, आणि अशी पंचवीस वर्षं गेली.

या वेळेस मात्र सोडायची सोय नव्हती. वडिलांना शुगर होती आणि शेवटची चार वर्षं त्यांचे पाय कसे झाले होते ते मी बघितलंय.

घराजवळच्या एका हॉलमध्ये सकाळी सहाची लेडीज बॅच होती, वीसेक बायका, अर्धा तास गाण्यावर उड्या आणि मग चटईवरचा व्यायाम. मी त्यासाठी खास दोन टी-शर्ट आणले, ते गुळगुळीत चमकदार असतात ना, घाम लगेच सुकतो म्हणून लिहिलेलं असतं, तसले. वरून पर्समध्ये स्प्रे. रोज आंघोळ करून जायचे, जाताना स्प्रे, मधे बाथरूममध्ये जाऊन परत स्प्रे. तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या चटया पसरा, आणि माझ्या शेजारच्या बाईने आपली चटई गोळा केली आणि दोन ओळी पुढे जाऊन अंथरली. मला ते दप्तरच दिसलं. उरलेला सगळा व्यायाम मी हात अंगाला चिकटवून केला.

त्या दिवशी जिन्यात चपला घालताना अक्कांनी मला थांबवलं. अक्का आमच्या बॅचमध्ये सगळ्यात मोठ्या, साठीच्या, पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांचं अर्धं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात गेलंय, आधी कांड्या भरायच्या आणि नंतर टॉवेलच्या कडा शिवायच्या. सगळ्या बायका खाली उतरेपर्यंत त्या थांबल्या, मग अगदी हळू म्हणाल्या, "राग मानू नको बाई. तुझा वास नाही यायला, ह्या टी-शर्टचा यायलाय." आणि माझी बाही दोन बोटांत धरून चाटी गल्लीतल्या दुकानात कापड बघतात तशी चोळून बघितली. "हे कापड तेल पितंय, पाणी पीत नाही. घरी जा, धुऊन वाळवलेला घे, काखेवर गरम इस्त्री फिरव आणि मग हुंग."

मी घरी गेले ती तशीच, चहा न घेता. दोरीवर दुसरा टी-शर्ट होता, दोन दिवसांपूर्वी धुतलेला, उन्हात कडकडीत वाळलेला, नाकाला लावला तर पावडरचा वास. इस्त्री मंद तापवली, उलटा करून काखेवर फिरवली, आणि वाफेसोबत जे वर आलं ते मी विसरू शकत नाही. आंबूस, खवट, वर चिरलेल्या कांद्यासारखी एक तिखट झाक. म्हणजे मी रोज स्वच्छ आंघोळ करून हा कालचा, परवाचा, दोन आठवड्यांपूर्वीचा वास अंगात घालत होते आणि अंग तापलं की तो बाहेर पडत होता. मग कपाटातून माझा जुना सुती कुर्ता काढला, आठ वर्षं वापरलेला, त्याच्या काखेवर इस्त्री फिरवली. काही नाही. तापलेल्या सुताचा असतो तेवढाच वास. मी तिथेच पलंगावर बसले आणि रडले, खरं सांगते, कारण आठवीपासून इतक्या वर्षांत कुणी माझ्या वासाबद्दल मला काही सांगितलं असेल तर ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते 'तू घाण आहेस' असं नव्हतं.

मग मी वाचायला लागले. जे वाचलं ते इतकं साधं आहे की शाळेत सांगायला हवं होतं.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. अंगभर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात, त्यातल्या बहुतेक एक्राइन प्रकारच्या, त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि मीठ, त्याचं काम अंग थंड ठेवणं. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाजारातून आलं की काळ्या ब्लाउजवर पांढरे नकाशे उमटतात ते ह्या मिठाचे. दुसऱ्या ग्रंथी अपोक्राइन, त्या काखेत, जांघेत अशा ठरावीक जागीच असतात आणि वयात येताना कामाला लागतात. लहान मुलं दिवसभर उन्हात खेळली तरी त्यांना मोठ्यांसारखा वास येत नाही तो म्हणूनच. अपोक्राइनचा घाम जरा दाटसर असतो, त्यात स्निग्ध पदार्थ, प्रथिनं असतात, आणि काखेतल्या त्वचेवर राहणारे जिवाणू, त्यात कोरायनेबॅक्टेरियम नावाचे मुख्य, ते यावर जगतात. ते हे पदार्थ तोडतात आणि त्यातून आंबट वासाची आम्लं आणि गंधक असलेले काही पदार्थ तयार होतात. कांद्याची झाक त्या गंधकाची. म्हणजे आठवीत मला जे झालं ते बरोबर त्या वयात जसं व्हायला हवं तसं झालं होतं, माझ्या ग्रंथी नुकत्याच जाग्या झाल्या होत्या, एवढंच.

आणि सगळ्यांना सारखा वास येत नाही हेही खरं. एबीसीसी११ नावाचं एक जनुक आहे, कानातला मळ ओला असणार की कोरडा हे ते ठरवतं आणि काखेतल्या वासातही त्याचाच मोठा हात असतो. कोरियात, जपानमध्ये बहुतेक लोकांमध्ये त्याचा असा प्रकार असतो की कानातला मळ कोरडा आणि काखेला वास जवळपास नाहीच. त्यांनी त्यासाठी काही जास्तीची आंघोळ केलेली नसते. हे वाचताना मला जे वाटलं ते कसं सांगू, लहानपणापासून डोक्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी हात लावून उतरवून घ्यावं तसं.

कापडाचंही अक्का म्हणाल्या तेच निघालं. बेल्जियममध्ये घेंट विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ साली एक अभ्यास छापला होता, २६ जणांना जोरात सायकलिंग करायला लावलं, त्यांचे टी-शर्ट २८ तास ठेवून दिले आणि मग हुंगून बघितले. पॉलिस्टरच्या, म्हणजे माझे ते चमकदार होते तसल्या, टी-शर्टचा वास सुतीपेक्षा जास्त वाईट निघाला, आणि मायक्रोकॉकस नावाचे वास करणारे जिवाणू पॉलिस्टरवर चांगले वाढलेले दिसले. पॉलिस्टरचा धागा पाणी आत घेत नाही, पण अंगावरचं तेल मात्र धरून ठेवतो आणि साध्या धुण्यात सोडत नाही. सूत पाणी पितं, त्यासोबत बरंच काही आत घेतं, आणि धुताना सोडूनही देतं. अक्कांनी हे कुठे वाचलेलं नाही, त्यांच्या बोटांना माहीत आहे. ज्या गावाच्या टॉवेलला आणि चादरीला जीआय मानांकन, म्हणजे ती त्याच गावाची खास वस्तू अशी सरकारी नोंद, आहे त्या गावात राहून मी घाम पुसायला आणि घाम जिरवायला प्लास्टिकचा धागा विकत आणला होता.

आता खरी अडचण सांगते. घामाच्या वासावर जिथे वाचाल तिथे एकच सल्ला, व्यायामानंतर लगेच आंघोळ करा, कपडे लगेच धुवा, दिवसातून दोनदा आंघोळ करा. अहो, पण पाणी? आमच्याकडे नळ येतो चार दिवसांआड, उन्हाळ्यात कधी पाच. उजनीचं पाणी शंभर-एक किलोमीटरवरून पाइपलाइनने येतं, मधे कुठे पाइप फुटला की अजून एक दिवस गेला. कधी रात्री दोनला पाणी सुटतं, मग उठून बॅरल भरा, पिंप भरा, हंडे-कळश्या भरा. पाचव्या दिवशी सकाळी बॅरलच्या तळाशी तांब्या घासतो त्या आवाजाला घरात सगळेच गप्प होतात. अशा घरात एका बाईने रोज दोन आंघोळी आणि रोजचं जादा धुणं काढायचं म्हटलं तर सासूबाई तोंडाने बोलणार नाहीत, पण मलाच घास उतरणार नाही.

म्हणून मला वाटतं वास नेमका कुठे तयार होतो हे माहीत असणं आपल्यासारख्यांना जास्त गरजेचं आहे. ज्यांच्याकडे शॉवर आहे आणि चोवीस तास पाणी आहे त्यांचं न कळता चालून जातं. आपल्याला मोजके तांबे कुठे घालायचे ते ठरवायला लागतं.

माझं आता असं आहे. हॉलवरून आले की अर्धी बादली. पहिला तांब्या दोन्ही काखा आणि जांघा ओल्या करायला, मग साबण, आणि साबण लावून नुसतं थांबायचं, मनात शंभर-दीडशे मोजायचं, कारण लावला की धुतला यात साबणाला काम करायला वेळच मिळत नाही. मग मान, छातीखाली, पाय, बोटांच्या बेचक्या. हातांना, पोटऱ्यांना, पाठीला साबण रोज लागत नाही, तिथला घाम पाणी आणि मीठच आहे, एका तांब्यात जातो. डोक्यावरून आंघोळ नळ येतो त्या दिवशी. काखेतले केस मी बारीक कापून ठेवते, ब्लेडने तासत नाही, मला आग होते. आणि सगळ्यात जास्त वेळ कशाला देते तर कोरडं करायला. जाड सुती टॉवेल दाबून धरायचा, घासायचा नाही, मग पंख्याखाली दोन मिनिटं हात वर करून उभं राहायचं. ते जिवाणू ओलाव्यावर पोसतात, ओल्या काखेवर कपडा चढवला की आंघोळीचं पाणी वायाच गेलं म्हणायचं.

त्यानंतर तुरटी. मधल्या मारुतीजवळून मोठा खडा आणलाय, ओल्या बोटाने नाही तर खडाच ओला करून काखेत दोनदा फिरवायचा आणि वाळू द्यायचा. न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच तुरटी, ती पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं क्षार आहे, जिवाणूंना तिथे वाढू देत नाही. मला रोजच्यासाठी ती पुरते. ज्या दिवशी कुठे बाहेर कार्यक्रमाला जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री रोल-ऑन लावते. इथे एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर कितीतरी पैसे वाचले असते, डिओ आणि अँटीपर्स्पिरंट हे दोन वेगळे प्रकार आहेत. डिओ वासावर काम करतो, घाम थांबवत नाही. अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात, आणि ते लावायची वेळ रात्रीची, कोरड्या त्वचेवर, कारण झोपेत तिथे घाम कमी असतो आणि बूच नीट बसतं. सकाळी घाईत ओल्या काखेवर लावून पळालं तर घामासोबत वाहून जातं. मी वर्षानुवर्षं सकाळी पळत पळत लावत होते. आणि घामावर वास मारायला अत्तर, गुलाबाची पावडर, मोगऱ्याचा स्प्रे हे सगळं केलेलं आहे, त्याने वास जात नाही, दोन वास होतात.

कातडीच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले, जाताना पोटात गोळा होता पण त्यांनी भुवईसुद्धा वर केली नाही, म्हणाले रोज चार पेशंट येतात याचे. त्यांनी पिंपल्ससाठी देतात तो बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश आठवड्यातून तीनदा काखेत लावायला सांगितला, दोन मिनिटं ठेवून धुवायचा. फरक पडला, चांगलाच पडला. पण रंगीत कपड्याला लागू देऊ नका हे त्यांनी सांगितलेलं मी विसरले, आणि माझ्या निळ्या टॉवेलवर दोन पिवळट पांढरे चट्टे पडले, अक्कांनी दिलेला टॉवेल होता तो. अजून वापरते. डॉक्टरांनी हेही बजावलं की वास अचानक बदलला, पूर्वी कधी नव्हता आणि आता यायला लागला, सडक्या फळासारखा किंवा माशासारखा येतोय, रात्री झोपेत घामाने गादी भिजतेय, वजन उतरतंय, असं काही असेल तर तुरटी फिरवत बसू नका, दाखवा. शुगरवाल्यांनी तर फळासारख्या वासाकडे अजिबात दुर्लक्ष करायचं नाही. लसणाने घामाला वास येतो म्हणतात, तेही मी स्वतः करून बघितलं, पंधरा दिवस लसणाची शेंगाचटणी बंद ठेवली, सोलापुरात राहून, आणि मला तरी फरक जाणवला नाही म्हणून परत सुरू केली.

कपड्यांचं सगळ्यात महत्त्वाचं मला अक्कांनीच शिकवलं. मी घामाचा टी-शर्ट पिशवीत कोंबून आणायचे आणि घरी आल्यावर धुण्याच्या बादलीत टाकायचे, नळ येईपर्यंत तीन-तीन दिवस तो बोळा तसाच. त्या म्हणाल्या, "कारखान्यात खळ लावलेलं सूत ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी कसं आंबतं माहीत आहे का? ओलं कापड झाकायचं नसतं. धुवायला पाणी नाही ना, नसू दे, वाळव तरी." इतकं सरळ आहे हे. आज धुता येत नसेल तर आज वाळवायचं. आता मी आले की पहिल्यांदा टी-शर्ट उलटा करते आणि गच्चीवरच्या दोरीवर टाकते, काखेची बाजू उन्हाकडे. सोलापूरच्या उन्हाला आपण एवढी नावं ठेवतो, पण तासाभरात कापड पापडासारखं होतं. मग तो कोरडा कपडा नळ येईपर्यंत खुशाल थांबतो.

हे लिहिताना आठवलं, अप्पा, म्हणजे माझे वडील, पॉवरलूमवर होते. ते कामावरून आले की पाणी प्यायच्या आधी बनियन काढून दाराच्या वरच्या तारेवर टाकायचे. त्या बनियनला मशीनच्या ऑइलचा, सुताच्या फुफाट्याचा आणि घामाचा वास असायचा, आणि मला तो वास यायला लागला की अप्पा आले एवढंच कळायचं, तो घाण वास आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

ते चमकदार दोन टी-शर्ट मी टाकले नाहीत, पैसे गेले होते. अर्ध्या बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास उलटे करून भिजवले, मग पावडरने धुतले, असं तीनदा केल्यावर इस्त्रीच्या परीक्षेत पास झाले. एकच सांभाळायचं, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. आणि ते सुगंधी कंडिशनर बंद केलं, त्याचा थर कापडावर बसतो आणि वास आतच अडकतो. पण हॉलला मात्र आता मी सुती बनियनच्या कापडाचा ढगळ टी-शर्टच घालते. तो भिजतो, जड होतो, अंगाला चिकटतो, खरंय, पण सकाळी सहाला माझं त्याने काही अडत नाही.

तीन महिन्यांनी शुगर खाली आली होती. बॅच चालू आहे. जी बाई दोन ओळी पुढे गेली होती ती आता कधी शेजारी असते कधी नसते, मी बघणं सोडलंय.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, खो-खो खेळते, शाळेच्या टीममध्ये आहे. दिवाळीनंतर एकदा ती ग्राउंडवरून आली आणि जवळून गेली तेव्हा मला कळलं, हिच्याही ग्रंथी जाग्या झाल्या. त्याच दिवशी मी तिला बाथरूममध्ये नेऊन तांब्यांचा हिशोब दाखवला, तुरटीचा वेगळा खडा दिला, अक्कांनी शिवून दिलेला सुती नॅपकिन दप्तरात ठेवला. तिने सगळं निमूट ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच ना?" मला फार बरं वाटलं त्या दोन शब्दांनी.

परवा संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन घुटमळायला लागली. मम्मी, अजून एक खडा आहे का? कशाला, तुझा हरवला? नाही गं, टीममध्ये एक आहे, तिला येतो, मुली तिच्या शेजारी बसत नाहीत खो-खोच्या चौकात, पण तिला कसं सांगू, ती रडेल. मी हातातलं पीठ तसंच ठेवून तिच्यासोबत जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. ती म्हणून बघायला लागली. आधी म्हणाली, "तुझा ना, वास येतो..." मग स्वतःच मान हलवली. परत एकदा, सगळ्या मुली गेल्यावर सांगायचं हं मम्मी, असं मलाच बजावून, तिने खडा मुठीत धरला आणि सुरुवात केली, "ए, राग मानू नको. तुझ्या टी-शर्टचं सांगू का एक?"